चुन्याची फुली

सूर्यभानची आणि माझी पहिली भेट म्हणजे मी त्याला वॉर्डातून हाकलून दिलं होतं. मी नर्स, तो जिनिंगमधला कामगार, आणि माझ्या पेशंटच्या उशाशी उभा राहून तो चक्क हुंगत होता. माझा स्वभाव तापट. लोक म्हणतात, कुसुमबाईच्या जिभेला हाड नाही. मी त्याला म्हटलं, "हे काय चालवलंयस? माणूस आहे तो, गठाण नाही." हात जोडून निघून गेला. मला तेव्हा ठाऊक नव्हतं, की गठाणी हुंगणं हाच त्याचा पोटापाण्याचा धंदा होता.

मानवतला बन्सीधरशेठची जिनिंग-प्रेस होती. कापसातून सरकी निघते, रुई वेगळी होते आणि दाबून तिची गठाण बांधतात. कापसात एखादा खडा आला आणि यंत्रात घासला, तर ठिणगी उडते. ती रुईत शिरते आणि गठाणीबरोबर दाबली जाते. बाहेरून गठाण थंडगार असते. आत ती ठिणगी मुंगीसारखी चालत राहते, आठ दिवस, पंधरा दिवस. मग एखाद्या सकाळी गोदामातून नाहीतर ट्रकमधून भडका निघतो. म्हणून प्रत्येक गठाणीवर तळहात ठेवायचा, शिवणीला नाक लावायचं आणि सांगायचं, ही कोरडी, ही लागलेली. हे काम सूर्यभानचं.

लागलेल्या गठाणीवर तो चुन्याची फुली काढायचा. हमाल ती लोळवत मागच्या लिंबाखाली नेऊन टाकायचे. तिचे नियम ठरलेले. ती उघडायची नाही, कारण हवा लागली की पेट घेते. तिच्यावर पाणी टाकायचं नाही, कारण भिजलेली रुई आतून आणखी तापते. नुसती एकीकडे टाकून द्यायची आणि एकवीस दिवस तिकडे फिरकायचं नाही. बहुतेक वेळा तिथे नंतर काळं पोकळ खोकं सापडायचं.

त्याचं नाक असं का झालं, याचं उत्तर त्याच्या बायकोने, सुलाबाईने, मला एकदा दिलं. अठ्ठ्याहत्तर साली पालमच्या बाजूला त्यांचं गाव होतं. विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीत वस्तीतली घरं जाळली, त्यात यांचंही गेलं. सूर्यभान, सुलाबाई आणि त्याची विधवा थोरली बहीण सरजाबाई, तिघं एका बोचक्यानिशी एस.टी.त बसून मानवतला आले. तेव्हापासून त्याला कुठेही धुराचा वास आधी यायचा. शेजारणीची भाकरी करपायच्या आधी तो ओरडायचा. सुलाबाई हसून म्हणाली, "आमच्या घरात चूल पेटवायची म्हंजे आधी यांना इचारायचं."

त्याला एक अभिमान होता. तो खोटं बोलत नसे. शेठने गळ घातली तरी नाही, हमालांनी चहा पाजला तरी नाही. हुंगणारा खोटं बोलला तर गोदाम जळतं, असं त्याचं म्हणणं होतं.

आता आमचा वॉर्ड. दवाखाना सरकारी, नाव सांगत नाही. जळीतांची खोली व्हरांड्याच्या टोकाला होती. सहा लोखंडी खाटा, प्रत्येक खाटेवर मच्छरदाणी. भर दुपारीसुद्धा तिथे मंद उजेड असायचा, आणि त्या पांढऱ्या जाळ्यांच्या आत माणसं अशी निपचित असायची, की नव्या आयाबाया आत यायला बिचकायच्या. त्या खोलीतली सगळ्यात भयंकर गोष्ट किंकाळ्या नव्हत्या. तिसरा दिवस भयंकर असायचा. भाजलेला माणूस तिसऱ्या दिवशी बरा वाटायला लागतो. बोलतो, हसतो, खायला मागतो. घरचे नारळ कबूल करतात. आणि पाचव्या-सहाव्या दिवशी लघवी बंद होते, श्वास लागतो, आणि चेहऱ्यावर डागसुद्धा नसलेला माणूस आमच्या डोळ्यांदेखत निघून जातो. मला तिसऱ्या दिवसाचं हसू आवडत नसे. अजूनही कुणी आजारी माणूस अचानक खुशीत आला की मी आधी लघवीची बाटली बघते.

चौऱ्याऐंशी साली प्रेसवरचा फिटर किशनराव वाफेने भाजून आला. त्याचा तिसरा दिवस होता, आणि तो बायकोला, सुमनबाईला, तंबाखू दे म्हणून छळत होता. सूर्यभान भेटायला आला आणि खाटेजवळ थबकला. त्याला हुंगताना मी पाहिलं आणि हाकललं, ते हेच. पण सुमनबाई त्याच्या मागे व्हरांड्यात गेली. तिने विचारलं, "भाऊ, खरं सांगा." आणि त्याने खरं सांगितलं. "वैनी, आत लागलेली हाय."

सहाव्या दिवशी किशनराव गेला.

त्यानंतर लोक सूर्यभानला बोलावून आणू लागले. तो यायला राजी नसे, पण बायाबापड्या पाया पडायच्या. पुढच्या तीन वर्षांत त्याने आणखी तिघांबद्दल तेच सांगितलं आणि तिघंही गेले. एकदा जिनिंगच्या कुणा हमालाने अशा एका पेशंटच्या खाटेच्या पायावर चुन्याची फुली काढून ठेवली. मी फिनेलने ती खरवडून काढली आणि अख्ख्या व्हरांड्याचा उद्धार केला. पण फुली पुसल्यावरही त्या खाटेच्या पायाकडे मी दोनदा वळून पाहिलं, हेही सांगून टाकते.

गावात सूर्यभानचा धाक बसला. तो गल्लीतून निघाला की बाया पाळण्यावर पदर टाकायच्या. हॉटेलवाला त्याचा कप वेगळा ठेवायचा. त्याला दुसरंही कारण होतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नसे. आता त्या कारणावर हे नवं कारण चढलं. आणि त्याला म्हणे, तो वास नको असताना यायचा. बाजारात, बसमध्ये, चालत्या-बोलत्या माणसाच्या अंगाला. सुलाबाई सांगायची, तो एस.टी.त नेहमी खिडकीशी बसायचा आणि तोंड बाहेर काढून ठेवायचा.

सत्त्याऐंशीत आमच्याकडे डॉक्टर दिनकरराव आले. वय तिशीचं, डोळ्यांखाली कायम काळं, पुस्तकं वाचून वाचून. सूर्यभानची गोष्ट मी त्यांना हसण्यावारी सांगितली. ते हसले नाहीत.

"नाकाचं माहीत नाही," ते म्हणाले, "पण म्हणणं बरोबर आहे त्याचं. कातडी भाजली की शरीर सगळीकडून मदत पाठवतं. सूज म्हणजे ती मदतच. पण मोठ्या जळितात ती आवरत नाही. फुप्फुसात शिरते, मूत्रपिंडात शिरते. आग विझवायला आलेल्या गर्दीने घरच पाडावं तसं होतं. बाहेरची जखम बरी दिसते तेव्हा आत हे चालू असतं."

त्यांच्या मनात एक होतं. सूज उतरवणारी गोळी, सांधेदुखीला देतात त्याच जातीची, जळिताला अगदी सुरुवातीपासून बेताबेताने द्यायची, म्हणजे आतले अवयव वाचतील. ते स्वतःच सांगायचे की हे अजून पक्कं नाही, परदेशात प्राण्यांवर पाहिलंय, माणसांबद्दल दुमत आहे. आणि एक गोष्ट त्यांनी मला दहा वेळा बजावली. "सिस्टर, ही गोळी पाण्याच्या जोरावरच द्यायची. अंगात पाणी कमी पडलं तर हीच गोळी मूत्रपिंड बंद पाडते. मग आपणच मारलं म्हणायचं. तासातासाला लघवी मोजा. तीस मिलीच्या खाली आली की मला हाक मारा." त्यांनी ती दोघांना दिली होती. एक वाचला, एक गेला. यावरून काही सिद्ध होत नाही, हेही त्यांचंच वाक्य.

अठ्ठ्याऐंशीच्या मार्चमध्ये बन्सीधरशेठच्या जिनिंगमध्ये आग लागली. यंत्रावर कापूस टाकणाऱ्या बायांपैकी एकीच्या लुगड्याला झळ लागली आणि ती पळाली. पळू नये, पण पळतातच. ती सरजाबाई होती, सूर्यभानची थोरली बहीण. दोन्ही पाय गुडघ्यांपर्यंत, पोट, उजवा हात. चेहरा आणि डावा हात शाबूत. डॉक्टरांनी पस्तीस टक्के लिहिलं.

आई गेल्यावर सूर्यभानला हिनेच वाढवलं होतं. तो तिला आक्का म्हणायचा. तो धावत आला तो व्हरांड्याच्या पायरीवर थांबला, खांद्यावरचा रुमाल काढला आणि नाकातोंडावरून घट्ट बांधला. आत आला, तिच्या पायाशी उभा राहिला, परत जाऊन पायरीवर बसला. तीन दिवस त्याने तो रुमाल सोडला नाही. भाकरी खायला तो दवाखान्याच्या फाटकाबाहेर जायचा.

मला त्याचं कळत होतं. त्याला वास घ्यायचाच नव्हता. पण येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याच्या रुमालाकडे बघायचा आणि मान हलवायचा. जिनिंगच्या बाया भेटायला आल्या, त्यांनीही आधी त्याच्याकडे पाहिलं आणि मग सरजाबाईकडे. त्या जाताना तिच्या डोक्यावरून अशा हात फिरवून गेल्या, की मला राग आला. मी म्हटलं, "अगं, जिवंत आहे ती. तिला ऐकू येतं."

डॉक्टरांनी पहिल्या तासापासून सलाईन लावलं आणि गोळी सुरू केली. दोन दिवस लघवी छान आली. तिसऱ्या दिवशी सकाळी शिरेची सुई निघाली, दुसरी शीर सापडेना, आणि सरजाबाई तर चांगली बोलत होती. डॉक्टर म्हणाले, आता तोंडाने पाणी चालेल. मीठ, साखर, सोडा घातलेलं, दर तासाला दोन पेले, न चुकता. सुलाबाई पाजेल, सिस्टर लिहितील.

दहा वाजता दोन पेले. अकराला दोन. बाराला दोन. मी स्वतः पाहिलं, सुलाबाई पेला तोंडाला लावायची, सरजाबाई घोट घ्यायची, मान भिंतीकडे वळवायची आणि पडून राहायची. पेला रिकामा व्हायचा. मी तक्त्यावर लिहायचे.

आणि लघवीच्या बाटलीत अकराला चाळीस मिली, बाराला बत्तीस, एकला आठ.

बाटली नळीसकट तपासली, नळी कुठे मुडपली नव्हती. डॉक्टरांनी पाहिलं आणि गोळी तिथल्या तिथे बंद केली. शीर सापडते का म्हणून पुन्हा दोनदा टोचलं, जमलं नाही. ते म्हणाले, "घोट्याजवळ चिरून शीर शोधली असती, पण दोन्ही पाय भाजलेले. हाताची शीर कापून उघडावी लागेल. सामान उकळायला ठेवतो." जाताना मला हळूच म्हणाले, "एवढं पाणी प्यायली आणि ओठ बघा तिचे."

ओठ चुन्यासारखे पांढरे होते. भेगाळलेले. सहा पेले प्यालेल्या बाईचे ते ओठ नव्हते.

दुपारचा एक वाजून गेला होता. बाहेर ऊन असं की आवारात कावळासुद्धा नाही. खोलीत नुसता मच्छरदाण्यांचा पांढरा उजेड. आणि सरजाबाई हसत होती. मला म्हणाली, "शिस्टर, आज लय बरं वाटायलंय बघा. अंग कसं गार पडलंय." मग कान देऊन म्हणाली, "जीन बंद केलं का वो? आत्ता घरघर ऐकू यायलती."

जिनिंग तिथून दीड मैल दूर, आणि आग लागल्यापासून बंद होतं.

मी मच्छरदाणी खोचायला वाकले आणि मला ती दिसली. उशाकडच्या लोखंडी दांड्यावर, भिंतीच्या बाजूला, चुन्याची फुली. अजून ओली होती.

मी किंचाळले नाही, एवढंच. खोलीत सकाळपासून सुलाबाईशिवाय बाहेरचं कुणी आलेलं नव्हतं. तिला विचारलं, ती पांढरीफटक पडली. मी तरातरा पायरीवर गेले आणि सूर्यभानला दंडाला धरून उभा केला. "तू काढलीस फुली?" त्याचे डोळे तेवढे रुमालावर दिसत होते. "शिस्टर, मी आत पाय ठेवला न्हाई आज." मी म्हटलं, "मग आता ठेव. सोड तो रुमाल. तुझ्या बहिणीच्या अंगातून पाणी कुठे जातंय ते मला कळत नाही, डॉक्टरांना कळत नाही. ती चाललीय. हुंग आणि काय ते सांग."

हे मी बोलले. मी, जिने त्याला हुंगतो म्हणून हाकललं होतं. माणूस घाबरला की कुठे कुठे हात पसरतो.

तो उंबऱ्यात किती वेळ उभा होता, सांगता येणार नाही. मग त्याने रुमालाची गाठ सोडली. रुमाल हातात धरून तो एक-एक पाऊल टाकत आला. सुलाबाईने तोंड फिरवलं. सरजाबाईचं हसू थांबलं, ती त्याच्या नाकाकडे बघत होती. तो जाळीजवळ आला. डोळे मिटून त्याने श्वास आत ओढला. पुन्हा ओढला. त्याच्या कपाळाची शीर फुगलेली मला दिसली.

डोळे उघडून तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "शिस्टर, इथं भिजलेली रुई हाय."

"काय?"

"ओली रुई. बख्खळ ओली. इथंच."

त्याने जाळीत हात घातला आणि सरजाबाईच्या मानेखालची उशी काढली. घरून आणलेली कापसाची उशी. ती वर येईना इतकी जड झाली होती. त्याने ती उचलली तेव्हा कोपऱ्यातून पाणी गळायला लागलं आणि फरशीवर त्याचा ओघळ माझ्या चपलेपर्यंत आला. खालची गादीसुद्धा भिंतीच्या बाजूने थबथबली होती. मीठ-साखरेचं ते सगळं पाणी तिथे होतं. ती तोंडात धरायची, मान वळवायची आणि उशीत सोडून द्यायची. गोळी मात्र गिळायची, कारण गोळी घ्यायचं वचन तिने भावाला दिलं होतं. कोरड्या अंगात गोळी.

मी ओरडणार होते. पण तिच्या डाव्या हाताची बोटं पाहिली. बोटांना चुना लागलेला होता, आणि उशाशी ठेवलेल्या लुगड्याच्या घडीत तिची तंबाखू-चुन्याची चंची होती. फुली तिनेच काढली होती.

"आक्का," सूर्यभान म्हणाला. "ह्ये काय केलंस?"

ती शांतपणे म्हणाली, "धा वरसं जीनवर काढली मी. लागलेल्या गठाणीला पाणी घालत्यात व्हय? आजून तापती ती. तुझं नाक बांधलेलं बघितलं तवाच मला समजलं. तू मला सांगायला भिऊ लागलास. मनलं, आपणच काढावी फुली. गुमान पडून ऱ्हावं एकवीस दिस."

सूर्यभान खाली बसला, तिच्या खाटेच्या दांड्याला टेकून. ती म्हणाली, "आता घेतलास न्हवं वास? मग सांग. तू खोटं बोलत न्हाईस. आत लागलेली हाय का न्हाई?"

सुलाबाईने पेला हातात घट्ट धरला होता. मी सूर्यभानकडे बघत होते. त्याच्या एका शब्दावर ती पिणार होती नाहीतर पिणार नव्हती, इतकं ते सरळ होतं.

"न्हाई," सूर्यभान म्हणाला.

"मग नाक कशापायी बांधलंस?"

"सर्दी झाली मला. दवाखान्यात शिंकायचं न्हाई म्हणून शिस्टरनं दम दिला."

मी ताबडतोब म्हटलं, "हो. मीच बांधायला लावला."

सरजाबाई आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. "माझ्या डोक्यावर हात ठिव. आईची आन घे."

त्याने रुमाल खाली ठेवला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आईची शपथ घेतली. आवाज हलला नाही त्याचा. मग सुलाबाईच्या हातातला पेला घेऊन त्याने तिच्या ओठांना लावला, आणि तिची मान भिंतीकडे वळू नये म्हणून हनुवटीखाली तळहात धरला. गठाणीवर ठेवायचा तसाच, पसरलेला. तिने घोट गिळला. तिच्या गळ्याची हालचाल मी मोजत होते. एक पेला, दुसरा, तिसरा.

डॉक्टर सामान घेऊन आले, त्यांनी हाताची शीर उघडून सलाईन जोडलं. दोनला बाटलीत चार मिली होते. तीनला काहीच नाही. त्या तासात मी बाटलीसमोरच्या स्टुलावरून उठले नाही. चारला बारा. पाचला वीस. सहाला छत्तीस मिली, पिवळीधमक, आणि मी ती बाटली उजेडात धरून अशी बघत बसले की आयाबाई म्हणाली, बाई, ती लघवी हाय, अत्तर न्हाई.

दोन दिवसांनी पाण्याचा जोर पक्का झाल्यावर डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली. सरजाबाईचा पाचवा दिवस गेला, सहावा गेला, एकविसावाही गेला. अडीच महिन्यांनी ती काठी टेकत घरी गेली. गोळीने वाचली का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "सांगता येत नाही. गोळी असेल, पाणी असेल. तिच्यावर कुणी फुली राहू दिली नाही, तेही असेल."

पण मला सांगायचं आहे ते त्या तिसऱ्या दिवसाच्या संध्याकाळचं. छत्तीस मिली लिहून मी व्हरांड्यात आले तेव्हा सूर्यभान पायरीवर बसला होता, उघड्या नाकाने. मी म्हटलं, "चुकलं म्हण की तुझं नाक. आत काही नव्हतं."

"व्हती शिस्टर," तो म्हणाला. "लागलेली व्हती. पयल्या चौघांवाणीच. त्योच वास."

मी शेजारी पायरीवर बसले.

"डाक्टर मनले, लागती सगळ्यांच्याच आत. आन् इझती बी, पाणी मिळालं तर." मग त्याने मला विचारलं, "शिस्टर, त्या चौघांना पाणी कोण पाजत व्हतं? मी सांगितल्यावर?"

मी म्हटलं, "घरचे पाजत होते की. आम्ही होतोच."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि उठून गेला.

त्या दिवसापासून तो दवाखान्यात रोज यायला लागला. जिनिंग पुन्हा सुरू झाल्यावर पाळी सुटली की तांब्या घेऊन, नाकाला रुमाल बांधून. जळितांच्या खोलीत एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जायचा आणि पाणी पाजायचा, हनुवटीखाली हात धरून. भाजलेल्याला पाणी दिलं की तो जातो, अशी इकडे समजूत. त्यात हा अपशकुनी, त्यात त्याच्या हातचं पाणी. व्यंकटराव म्हणून एक बागायतदार होते, त्यांची सून कमलबाई भाजून आली. तिची सासू पार्वतीबाई पेल्याच्या आडवी उभी राहिली. म्हणाली, "याच्या हातानं नगं." कमलबाईने जाळीतून हात बाहेर काढला आणि पेला ओढून घेतला. ती जगली. सगळेच जगले असं नाही. पण सूर्यभानला कुणी विचारलं, आत काय आहे, तर तो म्हणायचा, मला वास येत न्हाई आता. सहा वर्षं तो हे खोटं बोलला.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला नामांतर झालं. त्या दिवशी तो तासभर उशिरा आला, कानाच्या पाळीला निळा रंग लागलेला, आणि पेशंटांना आधी पाणी आणि मग पेढा देऊन गेला. तेव्हाच त्याला धाप लागत होती. इतकी वर्षं रुई हुंगलेली, तिनेच फुप्फुसं भरली होती. चैत्रात तो आमच्याकडेच भरती झाला. सरजाबाई काठी टेकत यायची आणि खाटेजवळ बसायची.

एका दुपारी ती भाकरी आणायला घरी गेली होती. मी त्याच्यासाठी पाण्याचा पेला घेऊन गेले. खाटेवर वाकले तसा त्याने हाताने मला थांबवलं. बऱ्याच वर्षांत त्याला हुंगताना मी पाहिलं नव्हतं. त्याने माझ्या बाजूला मान केली आणि श्वास ओढला, जेवढा ओढता येत होता तेवढा.

"शिस्टर," तो म्हणाला, "तुमच्या आत लागलेली हाय. लय दिसांची हाय."

मी पेला हातात धरून खाटेच्या कडेला बसले. आणि मग माझ्या तोंडून ते निघालं. "कुणीच पाजत नव्हतं, सूर्यभान. तू सांगून गेलास की घरचे पेला बाजूला ठेवायचे. सलाईनच्या बाटल्या थोड्या असायच्या, मी त्या दुसऱ्या खाटेला लावायचे. किशनरावाने शेवटच्या दिवशी माझ्याकडे पाणी मागितलं होतं. मी ऐकून पुढे गेले."

त्याच्या छातीतून जीन चालल्यासारखी घरघर येत होती.

"मला ठावं हाय," तो म्हणाला. "मी बी परत इचारलं न्हाई."

मग त्याने माझ्या हातातला पेला घेतला. मला वाटलं, त्याला तहान लागली. त्याने तो माझ्याकडे पुढे केला. पाणी काठावरून सांडत होतं, आणि दुसरा तळहात त्याने माझ्या हनुवटीखाली धरायला वर उचलला होता.

"प्या," तो म्हणाला.

मी प्याले.